तिचा एक डोस, माहा एक डोस

आई गेल्यापासून बाबा तिच्याबद्दल बोलत नसत. कुणी विषय काढला की उठून अंगणात जात. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणायला मी वारासिवनीहून एकटीच बालाघाटला जायची. त्या दिवशी मात्र आग्रह करून त्यांना सोबत नेलं.

दुकान फार जुनं, सागवानी कपाटांचं. म्हातारे मालक गोळ्या बांधता बांधता म्हणाले, "मागच्या खोलीत जुनी औषधं मांडून ठेवली, भाऊ. पाहून घ्या ना."

खोली लहानशी होती. दगडी खल, पितळी तराजू, काढ्यांच्या बरण्या. बाबा हात मागे बांधून पाहत चालले होते. एका चपट्या बाटलीपाशी थांबले. डोस कळावेत म्हणून तिच्या अंगावर कातरलेली कागदी पट्टी चिकटवली होती.

बाबा एकाएकी हसायला लागले.

"काहून हासून राह्यले, बाबा?"

"तुह्या मायले अशाच बाटलीतलं औषध नेलं होतं इथून. नवीन लग्न झालतं. हिवताप आला तिले. अन् औषध कडूजहर! तोंडच उघडे ना. म्हणे, आधी तुमी प्या, मंग मी पिईन."

"मंग?"

"मंग काय! तिचा एक डोस, माहा एक डोस. बाटली लवकरच सरली. पुन्हा आलो त कंपाउंडर म्हणे, एवढ्यात संपली? आता मी काय सांगू त्याले!"

मालक दारात उभे राहून ऐकत होते. "बऱ्या झाल्या का मंग त्या?"

"हौ, ती झाली. त्या औषधानं माहेच कान वाजत राह्यले."

मालक मोठ्यानं हसले. बाबाही हसले, आणि हसता हसताच त्यांचे डोळे भरून आले. मालकांनी स्टूल पुढे सरकवलं. मी पाणी आणलं. बाबांनी रुमालानं डोळे पुसले, पण उठून गेले नाहीत. "लय हट्टी होती," एवढंच म्हणाले.

परतीच्या बसमध्ये ते बोलतच राहिले. रामपायलीच्या जत्रेत आई कशी हरवली होती आणि सापडल्यावर उलट त्यांच्यावरच कशी रागावली होती. मला यातलं काहीच माहीत नव्हतं.

पुढच्या सीटवरच्या बाईंनी वळून माझ्या हातातली गोळ्यांची पिशवी पाहिली आणि विचारलं, "बाबूजी, घर में कौन बीमार है?"

"कोई नहीं," बाबा म्हणाले. "बीवी की बात कर रहा हूँ."

बाईंनी सीटच्या पाठीवर कोपर टेकलं. बाबांनी जत्रेची गोष्ट पहिल्यापासून, आता हिंदीत, सुरू केली.