पखवाजाची पुडी कोण बदलणार?

मंडळी, आज दुपारी महाडात आम्हा पखवाजवाल्यांच्या नव्या संघटनेची बैठक झाली. संघटनेकडून काय हवं ते प्रत्येकानं कागदावर लिहायचं होतं. मी लिहिलं, ओळखपत्र.

तेवढ्यात कापडे गावचे सखारामबुवा उठले. "ओळखपत्र गळ्यात घालीन रे, पण पखवाज नको काय गळ्यात? माझ्या पुडीचं कातडं फाटलंय. बदलणारा इकडं कोण उरला नाय. सोमवारी सप्ताह बसतोय, टाळ्या वाजवू?"

सगळे हसले. मला हसवेना. शाळेत बाकावर ठेका धरून मी कविता पाठ करायचो, तो ठेका बुवांच्या वडिलांच्या भजनातला.

'ओळखपत्र' खोडून मी 'कारागीर' लिहिलं. पण संघटनेचं काम सावकाशच चालणार.

रविवारपर्यंत पुडी बदलून देणारं कुणी तुमच्या माहितीत आहे का?