पाचव्या वचनापासून पुढे

१९९७ च्या फेब्रुवारीतील एका बुधवारी सकाळी पावणेसातच्या सुमारास साताऱ्यातील राहत्या घरी माझी वाचा गेली. त्याच दिवशी दुपारी चार वाजता सांगलीतील एका रुग्णालयात डॉक्टरांनी पत्नीला निदान सांगितले : इस्केमिक स्ट्रोक आणि त्यामुळे आलेला अफेजिया. पहिल्याचा अर्थ, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून एका भागाचा रक्तपुरवठा बंद पडणे. दुसऱ्याचा अर्थ, तो भाग भाषेचे काम करणारा असल्याने शब्द न सापडणे. जीभ आणि घसा शाबूत होते. उजवा हात आणि पाय कमजोर झाले होते.

माझे वय तेव्हा बेचाळीस होते. एका दैनिकात बातमीदार होतो. रक्तदाब वाढलेला आहे हे त्या दिवशीच कळले.

पुढील मजकूर पत्नी सुनंदाची वही, रुग्णालयाचे कागद आणि माझी आठवण यांवरून लिहिला आहे. ज्यांच्या घरी असा प्रसंग येईल, त्यांना त्याचा उपयोग व्हावा.

आमच्या घरी रोज सकाळी साडेसहाला पवित्र शास्त्राचे, म्हणजे बायबलचे, वाचन होते. ही पद्धत माझ्या आईची. ती माण तालुक्यातली. दोन मुले झाल्यावर ती चर्चच्या पाळकांच्या पत्नीकडे अक्षरे शिकली, आणि शिकण्यासाठी पुस्तक तेवढे एकच होते. तेव्हापासून ती ओळीवर बोट ठेवून वाचते.

वाचनाचे दोन नियम होते. पहिला : वाचणाऱ्याला मध्ये टोकायचे नाही. तो गप्प झाला, तर मनात प्रार्थना करीत आहे असे समजून बाकीच्यांनी माना खाली घालायच्या. दुसरा : वाचन संपले की आई प्रत्येकाला विचारायची, "आज काय गावलं?" म्हणजे आजच्या भागात तुला काय सापडले. उत्तर स्वतःच्या शब्दांत द्यायचे.

दुसरा नियम मी अनेक वर्षे चुकवत होतो. लहानपणी चर्चच्या रविवारच्या शब्बाथ शाळेत पुष्कळ वचने, म्हणजे शास्त्रातली क्रमांक दिलेली वाक्ये, पाठ केली होती. आईने विचारले की त्यांतले एखादे म्हणून मी उठत असे.

"शास्त्रातलं शास्त्राला ऱ्हाऊ दे. तुजं सांग," आई म्हणायची.

"उद्या सांगतो," असे म्हणून मी चहाकडे वळायचो.

त्या बुधवारी रोमकरांस पत्राचा पाचवा अध्याय होता आणि वाचण्याची पाळी माझी होती. चार वचने वाचून झाली. पाचवे समोर दिसत होते. पण त्याच्या ओळींचे शब्द होईनात. मी थांबलो. नियमाप्रमाणे आई, सुनंदा आणि चौदा वर्षांची मुलगी रूथ यांनी माना खाली घातल्या.

रूथला शाळेची घाई होती, म्हणून तिने डोळे किलकिले करून दोनदा घड्याळ पाहिले. त्यामुळे वेळ नक्की सांगता येते. सहा त्रेचाळीस ते सहा पन्नास, अशी सात मिनिटे त्या तिघी माझ्यासमोर माना खाली घालून बसल्या. मग माझ्या हातातून पुस्तक जमिनीवर पडले. आमच्या घरात ते कधी पडले नव्हते. आईने वर पाहिले.

"आरं, तोंड वाकडं का केलंयस?"

या सात मिनिटांविषयी सुनंदाने डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, "तेवढ्यानं फार फरक पडला नसता. पण पुन्हा कधी थांबू नका." वाचकांनीही हे लक्षात ठेवावे. माणूस बोलता बोलता थांबला, तोंड एका बाजूला ओढले गेले, हातातली वस्तू पडली, तर कोणत्याही कारणाने वाट पाहू नये.

साताऱ्यातील डॉक्टरांनी सीटी स्कॅनसाठी, म्हणजे मेंदूच्या आतील चित्रे काढणाऱ्या तपासणीसाठी, सांगलीला पाठवले. जीपने कराड, इस्लामपूर असे गेलो. आष्ट्याला सुनंदाचा भाऊ गाडीत चढला. हा प्रवास मला आठवत नाही.

पहिले पाच दिवस माझ्या तोंडून एकच आवाज निघत होता : "ता." नाव विचारले तरी "ता", दुखते का विचारले तरी "ता". समोरचा काय म्हणतो हे मला कळत होते. आपण चुकीचे बोलत आहोत हेही कळत होते. वहीत पाचही दिवसांपुढे तेच एक अक्षर आहे.

सहाव्या दिवशी सकाळी साडेसहाला आई खाटेशेजारी बसून सवयीने तेविसावे स्तोत्र, 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' हे, म्हणू लागली. दुसऱ्या वाक्याला मी तिच्याबरोबर म्हणू लागलो आणि शेवटपर्यंत म्हटले. उच्चार स्वच्छ होते. एकही चूक नव्हती.

आई व्हरांड्यात धावली. "आवं डाक्टर! बोलतंय माजं पोरगं!"

मेहुण्याने पेढे आणले. वॉर्डात सगळ्यांना वाटले. दुसऱ्याच दिवशी साताऱ्याच्या आणि आष्ट्याच्या प्रार्थनासभेत माझी वाचा परत आल्याचे जाहीर झाले आणि उपकारस्तुतीची प्रार्थना झाली. बातमीची खातरजमा कोणीही केलेली नव्हती.

शेजारच्या खाटेवर लोणंदचे एक बांगड्यांचे व्यापारी होते. पाठीच्या कण्याच्या उपचारासाठी आले होते. वॉर्ड त्यांना चाचा म्हणत असे. पेढे खाल्ल्यानंतर दोन दिवसांनी ते सुनंदाला म्हणाले, "वहिनी, एक सांगू का? राग मानू नगा. साहेबांचं डोळं तांब्याकडं असत्यात, आन् तोंडातनं प्रार्थना येती. सकाळधरनं तीनदा झालं. मानूस तहानलाय."

सुनंदाने पाणी दिले. मी दोन पेले प्यायलो. स्तोत्र थांबले.

चाचांचे निरीक्षण बरोबर होते. मला पाणी हवे होते. तो शब्द शोधायला गेलो की त्याच्या जागी स्तोत्राची पहिली ओळ यायची, आणि एकदा सुरू झाले की मध्ये थांबवता येत नसे.

नवव्या दिवशी स्पीच थेरपिस्ट, म्हणजे बोलणे पुन्हा शिकवणाऱ्या तज्ज्ञ, आल्या. त्यांनी पेन दाखवून हे काय, असे विचारले. मी "ता" म्हटले. त्यांनी आकडे मोजायला सांगितले. एक ते दहा बिनचूक आले.

त्या म्हणाल्या, "याला ऑटोमॅटिक स्पीच म्हणतात. लहानपणापासून पाठ असलेलं आपोआप बाहेर पडतं. हे अजून बोलणं नव्हे. पण यातून बोलण्याकडं नेता येतं. घरी हे रोज कधी म्हणता?"

"साडेसहाला," आई म्हणाली. "एक दिस चुकला न्हाई."

"मग मी सकाळीच येत जाईन."

आईचा चेहरा उतरला. "मंग आमी पेढं वाटलं ते?"

"आजी, पेढं लय ग्वाड हुतं," चाचा म्हणाले. "त्यात काय खोटं नव्हतं."

त्या दिवसापासून काम सुरू झाले. तेविसाव्या स्तोत्रात पाणी, काठी, प्याला हे शब्द येतात. बाई मला स्तोत्र म्हणायला लावत आणि पाण्याच्या शब्दाआधी हात वर करून थांबवत. समोर भरलेला पेला धरत. मी तेवढा एकच शब्द म्हणायचा, मग पेला मिळायचा. दहा दिवस मी तो शब्द ओलांडून पुढच्या वाक्यात जात होतो. आई रोज सांगायची, "धावू नगंस. हितंच हुबा ऱ्हा."

एकोणिसाव्या दिवशी मी "पाणी" म्हणालो आणि थांबलो. पेला मिळाला. अकरा वाजता स्तोत्र न म्हणता पुन्हा "पाणी" म्हणालो. तेविसाव्या दिवशी "काठी" आला. त्याच दिवशी चालण्यासाठी हातात काठी दिली गेली. दुसऱ्या दिवशी "प्याला".

"हे झाक झालं," चाचा म्हणाले. "आता च्या मागाया आला पायजे. आजी, हाय का तुमच्या शास्त्रात च्या?"

"न्हाई. त्यो त्यानं आपलाआपण मागावा."

सव्विसाव्या दिवशी दुपारी कपबशीचा आवाज ऐकून मी "चहा" म्हणालो. स्तोत्रात नसलेला हा पहिला शब्द. चाचांनी स्वतःचा कप माझ्यापुढे केला आणि नर्सबाईंना हाक मारली, "आवं, ऐकलं का? ह्यांनी शास्त्राबाहीर पाऊल टाकलं!" आई सर्वांत जास्त हसली. पेढे पुन्हा आले. या वेळी खातरजमा झाली होती.

मार्चच्या मध्यावर घरी सोडले. थेरपिस्ट बाईंनी लिहून दिले : रोज तीच वेळ, तीच जागा, तोच प्रश्न; सुट्टी नाही. आमच्या घरात हे चाळीस वर्षे चालू होते. बदल दोनच केले. वाचणारा थांबला, तर शेजारच्याने लगेच त्याच्या खांद्याला हात लावायचा. आणि माझ्याकडून वचन हे उत्तर म्हणून घ्यायचे नाही.

मार्काचे शुभवर्तमान सुरुवातीपासून घेतले. रोज एक वचन, मग दोन. आईसारखे ओळीवर बोट ठेवून. मे महिन्यात दुसरा अध्याय आला. पक्षाघात झालेल्या माणसाला चौघे जण छपरातून येशूपुढे खाली सोडतात, तो भाग. हा मी लहानपणापासून शेकडो वेळा ऐकला होता.

"आज काय गावलं?"

"चौघं," मी म्हणालो. बराच वेळ गेला. "छप्पर. फोडलं. लोकाचं."

"मंग शाकारलं कुणी?"

"त्यानंच." पुन्हा वेळ गेला. "बरा झाला की. तोच... चढला असेल. वर."

आई म्हणाली की इतकी वर्षे वाचते, पण हे तिच्या ध्यानात आले नव्हते. त्या दिवशी ती हे शेजारी तीन घरी सांगून आली.

पाठांतर मला वाचवून गेले, असे अनेक जण म्हणाले. ते अर्धे खरे आहे. पाठ केलेले माझ्यावाचून बाहेर पडत होते. अभ्यासाला मात्र रोज मी स्वतः लागत होतो : वाचायचे, समजून घ्यायचे, विचारले की आपले उत्तर द्यायचे. आजार होण्यापूर्वी मी त्या बैठकीला हजर असे, इतकेच. आजारात तिच्यात सामील झालो. ज्यांच्या घरी असे वाचन होते त्यांनी ते चुकवू नये, आणि प्रश्नही चुकवू नये. ज्यांच्याकडे होत नाही, त्यांनी एका वचनाने सुरुवात करावी. मला तेवढेच झेपत होते आणि ते पुरले.

ऑक्टोबरमध्ये मी दैनिकात परत रुजू झालो. पहिले काही महिने इतरांच्या बातम्या तपासण्याचे काम होते. उजव्या हाताने सावकाश लिहिता येते. नाताळच्या उपासनेत पाळकांनी स्वागताची दोन वाक्ये मला बोलायला दिली. ती बोललो.

रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात सुनंदाने त्या बुधवारी कागदाची पट्टी ठेवली होती. १९९८ च्या फेब्रुवारीत, पुन्हा एका बुधवारी, तिने तेच पान उघडून माझ्यापुढे ठेवले. मी पाचव्या वचनापासून सुरुवात केली. अकराव्या वचनात देवाशी झालेल्या समेटाविषयी आहे; तिथे 'समेट' या शब्दापाशी थांबलो. कोणीही मान खाली घातली नाही. तिघी माझ्याकडे पाहत होत्या आणि रूथचा हात खांद्यावर आला.

"थांब," मी म्हणालो. "वाचतोय."

सतरा वचने वाचून झाली. आईने विचारले, "आज काय गावलं?"

सुनंदाच्या वहीत त्या दिवशीचे उत्तर आहे : "भांडण मी केलं होतं. मिटवायला तो आला."

"हे तुजं," आई म्हणाली. "आता फुडला कोन?"

सहा अठ्ठावन्नला रूथने सहावा अध्याय वाचायला घेतला.