बाहुल्या विकल्याची गोष्ट

म्हैसूरच्या हेब्बाळ भागातल्या कंपनीतली माझी नोकरी गेली तेव्हा कुणी विचारायच्या आत अप्पांनी गल्लीभर सांगून टाकलं, की पोरगी आता घरी बसून लिहिते. मी तोवर एक ओळ लिहिली नव्हती. पण अप्पांनी सांगितलं म्हटल्यावर लिहिणं भाग होतं.

मग मी फ्रीलान्स लिहिणाऱ्यांचे ऑनलाइन बाजार पालथे घातले. बाजारच तो. आपला फोटो नि माहिती मांडून बसायचं, आणि एखादं काम आलं की शेजारच्यापेक्षा कमी दर सांगायचा. मी गाद्यांवर लिहिलं, केसगळतीवर लिहिलं, कधी न पाहिलेल्या समुद्रकाठच्या हॉटेलांवर लिहिलं. नमुना म्हणून फुकट लेख घेऊन गायब झालेल्यांना मनातल्या मनात कानडीत शिव्या घातल्या, कारण मराठीत मला तेवढ्या येत नाहीत. आमचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत आले आणि इथलेच झाले; घरातली मराठीही निम्मी कानडी झाली. पुस्तकी मराठी मी वाचून वाचून कमावलेली.

तीच शेवटी कामाला आली. एक मराठी वाचनाचं ॲप सापडलं. त्यात घडलेल्या गोष्टींचा विभाग होता. छापताना लेखकाचं नाव नसायचं, पण गोष्ट खरी आहे असं लिहून द्यावं लागायचं. मी आमच्या बाहुल्यांची गोष्ट लिहिली. दसऱ्याला म्हैसुरात घरोघर पायऱ्या करून बाहुल्या मांडतात. आमच्या सगळ्यात वरच्या पायरीवर आईला लग्नात माहेरून मिळालेली लाकडी राजा-राणीची जोडी असते. आई गेल्यापासून अप्पाच मांडतात. राजाच्या डोक्याला आईच्या लग्नातल्या शालूच्या काठाचा फेटा असतो, तो दरवर्षी ते नव्यानं बांधतात. एवढंच लिहिलं होतं.

संपादक बाईंचं उत्तर आलं: छान आहे, पण यात घडतं काय? वडील फारच चांगले आहेत. वाचक रडला पाहिजे.

मी एका दुपारी अप्पांना दारुडा केलं. दारूपायी त्यांना ती जोडी विकायला लावली, फेट्यासकट. गोष्ट लागली आणि धो धो वाचली गेली. खाली लोकांनी त्या बापाला नाही नाही ते म्हटलं. ते वाचताना मला काय वाटायला हवं होतं ते मला कळत होतं. पण खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. मेली लाज कुठं गेली होती कोण जाणे. ॲपवाल्यांनी दुसरी गोष्ट मागितली आणि मी हो म्हणाले.

इकडे अप्पा रोज मागं लागायचे. "पुट्टी, काय लिहिलीस दाखीव की मला." शाळा कानडी, त्यामुळे मराठी ते ओळीवर बोट ठेवून हळूहळू वाचतात, पण वाचतात. मी म्हणायचे, "सुम्ने, उगंच आपलं कंपन्यांचं असतंय, अप्पा. तुम्हाला कंटाळा येईल." त्यांनी ती गोष्ट वाचली तर, या एकाच भीतीनं मी फोन पालथा घालून ठेवायला शिकले.

दसरा आला. आमच्या शेजारी नाशिकहून आलेलं एक जोडपं राहतं. बाई रोज कामावर जाताना घराची किल्ली अप्पांच्या हातात देते. काका आहेत म्हणून निर्धास्त आहे, असं चारचौघांत सांगते. ती बाहुल्या बघायला आली. अप्पांनी द्रोणात हरभऱ्याची उसळ दिली. खाता खाता ती वरच्या पायरीशी थांबली.

"काका, हा फेटा शालूच्या काठाचा आहे का हो? मी अशीच एक गोष्ट वाचली, म्हैसूरचीच. त्यात बाप दारूसाठी जोडी विकतो. मी ऑफिसात बसून रडले."

आणि तिनं सगळी गोष्ट सांगितली. मी कुंकवाचा करंडा घेऊन उभी होते. अप्पा ऐकत होते, हात राजाच्या फेट्यावर होता. एकदाच त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. तेवढ्यावरून त्यांना काय ते कळलं.

मी रचलंय ते, एवढं म्हणायचं होतं मला. पण ही बाई ॲपवर लिहील, मी खोटं लिहून दिलं हे उघड होईल, काम जाईल, हा सगळा हिशेब मी तिथल्या तिथं केला आणि गप्प बसले.

"आमच्या पोरीनं लिहिलंय ते," अप्पा म्हणाले. त्यांच्या आवाजात खरोखरीचा अभिमान होता. तोच मला आजही सोसत नाही.

बाईचा घास हातातच राहिला. "म्हणजे ते खरं? मग ही जोडी?"

"सोडवून आणलो मागनं," अप्पा म्हणाले. "पिल्यावर माणसाला कळतंय होय?"

खोकल्याचं औषधसुद्धा वास घेऊन परत ठेवणारा माणूस हा. बाई कुंकू लावून घेऊन लगबगीनं गेली. द्रोणात निम्मी उसळ तशीच होती.

मी म्हणाले, "अप्पा, मी जाऊन खरं काय ते सांगते."

"सांगितलीस तर तुझं काम जातंय काय?"

"जाईल."

"मग ऱ्हाऊ दे. रडली म्हणाली की ती. चांगलं लिहितीस म्हणायचं." मग राजाचा फेटा सारखा करत म्हणाले, "विकायला नको होतीस पण. दुसरं काय तरी करायला लावायचीस मला."

मी गेले नाही. ऱ्हाऊ दे म्हणाले ना, असं स्वतःला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारची स्कूटर सुरू झाली आणि अप्पा रोजच्यासारखे गेटशी जाऊन उभे राहिले. मी खिडकीत होते. बाईनं किल्ली समोरच्या घरी दिली आणि आमच्या गेटवरून जाताना नुसती मान हलवली. अप्पांनी हात आधीच पुढं केला होता. तो त्यांनी तसाच गेटवर ठेवला आणि कडी नीट लागलीय का ते बघत राहिले.