कमोडातला पुदिना

“आगं आई, चांगल्यासाठीच औषध मारलं ना! भेंडीवर माव्याची कीड व्हती.”

“मावा माझा व्हता. तुला कुणी बोलावलं व्हतं?”

“पंपात तीन लिटर औषध उरलं व्हतं. वढ्यात वतू का?”

“वढ्याला सोडलंस अन् आईला पाजलंस. लई हुशार!”

साळुबाई नाकाला पदर लावून परसात उभी होती. समोर तिचा मुलगा पप्पू, वय अडतीस, पाठीवर अजून बॅटरीचा पंप. पिंपळवंडीत टोमॅटोच्या फवारणीवर त्याचा शब्द म्हणजे डॉक्टरचा शब्द. सकाळी प्लॉट उरकून घरी आला, टाकीत उरलेलं औषध दिसलं आणि मातृप्रेम दाटून आलं. साळुबाई गिरणीतून दळण आणेस्तोवर पठ्ठ्यानं सगळं परस न्हाऊ घातलं होतं.

परस ते केवढं? मोरीमागं बैलगाडी उभी राहील एवढी जागा. मोरीच्या पाण्यावर अळू. जुन्या टायरात कोथिंबीर, रंगाच्या डब्यांत मिरच्या आणि नवा संडास बांधताना निघालेल्या जुन्या कमोडात पुदिना. हा पुदिना सुनेला, वृषालीला, कधीच पटला नव्हता.

“आत्या, लोक काय म्हणतील?”

“लोक चटणी म्हनतील, अन् दोनदा मागतील.”

तसंच झालं. लेकीच्या सासरचे पावणे आले, त्यांनी चटणी तीनदा मागून घेतली, वर लावायला मुळ्याही नेल्या. कशातून उपटल्या, हे साळुबाईनं सांगितलं नाही. पाहुणचाराला काही मर्यादा असतात.

दुधीच्या वेलाला तिनं नणंदेचं नाव ठेवलं होतं, कारण दिलेला मांडव सोडून तो कायम शेजाऱ्याच्या पत्र्यावर जाऊन पसरायचा. कारलं म्हणजे वारलेले सासरे. ते होते तोवर त्यांचं नाव घ्यायची सोय नव्हती, आता रोज पाणी घालताना ती खुशाल विचारायची, “काय गेणभाऊ, उतरला का कडूपणा?”

आणि काकडी. ती कुणाच्या नावाची नव्हती, ती साळुबाईची होती. चहाच्याही आधी ती एक काकडी तोडायची, पदराला पुसायची आणि उभ्याउभ्या कचाकचा खायची. लग्न होऊन आल्यापासून या घरात पहिलं ताट तिच्या वाट्याला कधी आलं नव्हतं. परसातला पहिला घास मात्र तिचा.

आज त्या काकडीवर पांढरे थेंब वाळत होते.

“मिठाच्या पाण्यात धू, अन् खा की,” पप्पू म्हणाला.

“माझ्या माहेराला, खोडदला, त्या दुर्बिणीच्या थोरल्या छत्र्या आभाळातल्या ताऱ्यांचं ऐकत्यात. अन् तुला मोरीमागं उभ्या आईचं ऐकू येईना!”

दारात उभ्या वृषालीनं हसू लपवायला खोकला काढला.

“बरं, आठ दिस थांब. नवव्या दिशी खा. मग काय व्हत न्हाई.”

“आठ दिस?” साळुबाईनं नाकावरचा पदर काढला. “हेच औषध सकाळी प्लॉटला मारलंस ना? अन् टोमॅटोचा तोडा परवा हाय म्हनालास.”

“ते येगळं.”

“काय येगळं?”

“ते मार्केटचं हाय, आई. तुला न्हाई कळायचं.”

“मला न्हाई कळत बाबा. पण रोज संध्याकाळी प्लॉटवरनं आल्यावर मुठीत मीठ घेऊन इथं कोन येतं रं? तुझ्या शेतात टोमॅटोचा ढीग, अन् खायाला माझी दोनच झाडं?”

पप्पूनं वृषालीकडं पाहिलं. वृषालीनं अळवाकडं पाहिलं.

साळुबाईनं टोमॅटोच्या झाडाला हात घातला. लालबुंद, देठाशी फुटायला आलेलं फळ खुडून तिनं त्याच्या तळहातावर ठेवलं.

“खा. मीठ आनू का?”

पप्पूनं अंगठ्यानं त्यावरचा पांढरा डाग घासला. डाग हलला, गेला नाही. त्यानं ते फळ जरा वेळ हातात धरलं, मग कमोडाच्या कडेवर, पुदिन्याशेजारी, हळूच ठेवलं. पंपाचा पट्टा खांद्यावर वर ओढला आणि तो वळला.

“आरं, संध्याकाळी भाजी कुठली करू, तेवढं तर सांगून जा! प्लॉटातली का परसातली?”

फाटक वाजलं. पप्पू रस्त्याला लागला होता.