मागीलदारचे तीन प्रश्न

आमच्या किनाऱ्यावर इंजिनाचे मचवे नवेनवे आले, तेव्हा त्यांत वाटा घ्यायला जो तो धावू लागला. शिडाची होडी बुडाली तर लाकूड जायचं. इंजिन बुडालं की वाटेकऱ्याच्या हाती नारळाची करवंटी. म्हणून मचवा बांधणारा तांडेल कुणाचेही पैसे घेत नसे. पुढीलदारी घरधन्याचा चहा प्यायचा आणि मग मागीलदारी जाऊन त्याच्या बायकोला तीन प्रश्न विचारायचा. नवं पीक येईपर्यंत पुरेल एवढं भात कणगीत आहे का? यंदा घरात लग्नकार्य आहे का? आणि पैसे समुद्रात गेले तर घरात तोंड वाजेल का? एक उत्तर वाकडं आलं की वाटा नाही.

"पुढीलदाराक सगळेच राजे," तो म्हणायचा. "कणगी मागीलदाराक आसता."

बाजारातल्या एका दुकानदाराला तर त्याच्या बायकोनेच पाडलं. "चेडवाचा लगीन करूचा आसा," म्हणाली आणि दार लावून घेतलं. तो आठवडाभर तिच्याशी बोलला नाही. तेवढाच आराम, असं ती विहिरीवर सांगत होती.

मला वाटा हवा होता. मी देवबागची, दर्यावर्दी घरातली. भावांच्या होड्या झाल्या, मी मात्र काठावरून हात हलवत राहिले. निदान एक फळी माझी असावी, असं फार वाटायचं. पैसे माझे होते, आमसुलं विकून साठवलेले.

तांडेल डोकं खाजवू लागला. "वैनी, बायलमाणसाचे पैसे घेवचे तर इचारू कोणाक?"

"माझ्या घोवाक," मी म्हटलं. "हंयच, मागीलदाराक."

आमचे हे शाळामास्तर. गडबडले की घरातही पुस्तकी मराठी बोलत. दारात येऊन उभे राहिले, जसं वर्गात गृहपाठ न केलेलं पोर.

"मास्तरानू, कणगीत भात आसा?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"वैनीकडे बघू नकात."

"पुरेसं असावं," हे म्हणाले.

"असावं म्हणजे आसा काय नाय?"

मी कोकमं फोडत राहिले. हसू आवरताना जीव जात होता. हे आत गेले, कणगीत हात घातला आणि कोपरापर्यंत कोंडा माखून बाहेर आले. "आहे," म्हणाले. लग्नकार्य नव्हतंच. तिसऱ्या प्रश्नाला मात्र ह्यांनी आधी हातावरचा कोंडा झटकला. मग म्हणाले, "बुडाले तर मी एक शब्द बोलणार नाही."

वाटा मिळाला. मचवा पाण्यात लोटला तेव्हा मी नारळ दिला आणि माझी फळी कुठली असेल ते शोधत राहिले.

पहिल्याच हंगामात मचवा खडपाच्या कातळावर आपटून फुटला. माणसं सगळी पोहून आली, देवाची कृपा. इंजिन गेलं. गावाला बोलायला विषय मिळाला. कुणी म्हणे बायकांचा पैसा भोवला, कुणी म्हणे मास्तर नंदीबैल. हे जेवायला बसले तेव्हा मी सगळं सांगितलं. ह्यांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि वाटी पुढे केली. "कढी छान झाली आहे. आणखी वाढ." ह्यांना कढी कधीच आवडत नसे. चुलीपाशी जाऊन मी रडले, आणि रडतारडता मला हसू आलं. त्या महिन्यात ते तीनदा कढी मागून प्यायले.

पुढच्या उन्हाळ्यात तांडेल पुन्हा आला, नव्या मचव्यासाठी. सरळ मागीलदारी. मी आमसुलं वाळत घालत होते. "थांबा, ह्यांना बोलावते," म्हटलं.

"तेंका कित्याक? मचवो फुटलो तेवा सगळो गाव बोललो. ह्या घरातसून आवाज इलो नाय."

तेवढ्यात पुढच्या पडवीतून ह्यांचा आवाज आला, चक्क मालवणीत.

"भात आसा रे. आताच बघलंय."