विंगेतला खोकला

नाटक कंपनीत त्याला सगळे कुजबुज म्हणत. नट वाक्य विसरला की विंगेतून ते हळूच पुरवायचं, हा त्याचा धंदा. आवाज नटापर्यंत पोचला पाहिजे, पहिल्या रांगेपर्यंत नाही. पडद्याची धूळ नाकात जाई, पावडर घशात बसे. पण उबळ आली की तो मूठ तोंडात कोंबून ती जिरवी. हयात अशीच गेली. घरातही तो भांडे ते बायकोच्या कानात. ती म्हणे, “शेजाऱ्यांना काही करमणूक नको का?”

मग न्यूमोनिया झाला. इस्पितळात औषधं सुरू झाली, पण ताप हटेना. डॉक्टरीणबाई वैतागल्या.

“अहो, तुम्ही खोकत का नाही?”

“सवय नाही,” तो कुजबुजला.

“मग ऐका. फुप्फुसात हवेचे बारीक फुगे असतात. तिथे पहारेकरी पेशी फिरतात, जंतू दिसला की गिळतात. पण झुंडच आली की त्यांना आवरत नाही. मग त्या रक्तातून कुमक मागवतात. पांढऱ्या पेशी धावून येतात, मारतात आणि तिथेच मरतात. तुमच्या कफात त्यांचीच मढी आहेत. श्वासनळीतली केसाळ झाडणी रोजचा कचरा वर ढकलते, पण एवढा ढीग तिला हलत नाही. खोकावंच लागतं. तुम्ही मढी घरातच ठेवून घेताय! संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाहीत, तर घशातून नळी घालून ओढावी लागतील.”

घसा हे त्याचं एकुलतं भांडवल. नळीने तो खरवडला तर पुढे काय, नुसती घरघर पुरवायची? तो छताकडे बघत पडला. आपल्या आत एवढे मरतायत आणि एकालाही वाक्य पुरवावं लागत नाही, याचं त्याला जरा वाईटच वाटलं.

दुपारी कंपनीचा नायक भेटायला आला. “कुजबुज, लेका, तुझ्यावाचून हाल आहेत! काल मरणाच्या भाषणात अडकलो. मरताच येईना!”

आणि कुठे अडकलो ते दाखवायला तो दोन खाटांच्या मध्ये उभा राहिला, छातीवर हात ठेवला, “हे मृत्यो...” म्हणाला आणि पुन्हा तिथेच अडकला. सगळा वॉर्ड माना वळवून बघू लागला. कुजबुज पुढचं वाक्य पुरवायला उठला आणि खालून उबळ आली. मूठ आपोआप तोंडाकडे गेली.

उशाशी बसलेल्या बायकोने मनगट धरून खाली ओढलं. “दाबू नका! होऊ दे नायकाची फजिती!”

मग तो खोकला. खाट हादरली. शेजारच्या पेशंटने चादर डोक्यावरून घेतली. वाटीत गंजक्या रंगाचा गोळा पडला, मागून दुसरा. नायक नाक धरून मागे सरकला.

डॉक्टरीणबाई धावत आल्या, वाटीत डोकावल्या आणि त्यांचा चेहरा खुलला.

“वा! असं चालू राहिलं तर नळीचं नावसुद्धा काढणार नाही. वन्स मोअर!”

हे शब्द कानी पडताच नायक सवयीने कमरेत वाकला.

“तुम्हाला नव्हे,” बायको म्हणाली. “बाजूला व्हा. यांना जागा लागते.”