विंगेतले काका

बडोद्यात बोलता बोलता कोणी अडलं आणि काकांनी त्याला वाक्य पुरवलं नाही, असं आजवर झालेलं नाही. माझ्या मावशीचे हे यजमान दांडिया बाजारातल्या आमच्या हौशी नाटक मंडळीचे तीस वर्षांपासूनचे प्रॉम्प्टर. विंगेतली सवय त्यांनी गावभर नेली. एका घरी समाचाराला गेलो होतो. मुलगा "बाबा आम्हाला..." म्हणून गहिवरला, तर मागून काकांची कुजबुज, "पोरकं करून गेले, पोरकं करून गेले." त्या बिचाऱ्यानं तेच म्हटलं आणि मग सगळ्यांना रीतसर रडता आलं. घरात तर विचारूच नका. मावशीनं "मी काय म्हणते..." म्हणायचा अवकाश, काका अर्ध्या गुजरातीत म्हणणार, "कारली करू का? कर, चालशे." तीस वर्षं मावशीचं वाक्य तिथंच संपत आलं. पुढं पुढं ती तेवढंही म्हणेना.

यंदा मंडळीनं नव्या धर्तीचं नाटक घेतलं. सोफ्याच्या दोन टोकांना नवरा-बायको बसतात आणि एकमेकांशी जवळजवळ बोलतच नाहीत, एवढंच नाटक. तालमीत प्रत्येक शांततेत काका आपले, "बोल, बोल." शेवटी नायिका वैतागून म्हणाली, "काका, इथे वाक्यच नाहीये."

"मग नाटक लिहिलंय कशाला?" काका म्हणाले.

आमची दिग्दर्शिका समा भागात राहणारी, पेशानं शिक्षिका. तिनं काकांना गृहपाठच दिला: समोरचा थांबला की मनात दहा आकडे मोजायचे, घरीसुद्धा. काका आज्ञाधारक. त्या संध्याकाळी मावशी बऱ्याच दिवसांनी "मी काय म्हणते..." म्हणाली, आणि काका बोटं मोजत गप्प. मावशीनं घाबरून त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. आठव्या बोटाला ती म्हणाली, "मला एकदा तुमच्या नाटकात काम करायचंय. लग्नाच्या आधीपासून मनात आहे."

दुसऱ्या दिवशी सेव-उसळ पुढ्यात निवत ठेवून काका मला म्हणाले, "साऱ्या गावाला वाक्यं पुरवली रे मी. हिचं एक ऐकलं नाही." मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. तेवढ्यात नायिकेची परीक्षा आडवी आली, आणि काकांनी दिग्दर्शिकेकडे इतक्या खेपा घातल्या की मावशीला ती भूमिका मिळाली.

प्रयोगाला मी विंगेत काकांच्या मागेच होतो. शेवटच्या प्रवेशात मावशी अडली. तिनं विंगेकडे पाहिलं. जन्मात पहिल्यांदा तिला काकांकडून वाक्य हवं होतं. काकांचं बोट बरोबर ओळीवर होतं, ओठही हलत होते, पण डोळे भरून आलेले आणि गळ्यातून आवाज फुटेना. मीच मनात दहा मोजले. मग मावशी सोफ्यावरच्या नवऱ्याकडे वळून अगदी घरच्या सुरात म्हणाली, "अहो, मी काय म्हणते, बोला की काहीतरी." लोकांना ते नाटकातलंच वाटलं. टाळ्या थांबेनात.

त्या टाळ्यांत काका पुटपुटले, "तू बोल. मी ऐकतोय."

प्रेक्षागृहातल्या शेवटच्या रांगेपर्यंत ज्यांची कुजबुज पोचायची, त्यांचं एवढं एक वाक्य चार हातांवरच्या मावशीपर्यंत पोचलं नाही. मी ते तिला अजून सांगितलेलं नाही. काका कधीतरी सांगतील म्हणून थांबलोय, मोजतोय.